उचलला नाही, उचलेना

"गोरेनने बाई म्हणून नागीवर हात उचलला नाही," केतन भिंतीवरच्या तक्त्यावर पट्टी आपटत म्हणाला. "नाहीतर एका फटक्यात आडवी झाली असती ती. म्हणून गोरेन पहिला, नागी सातवी. पाच वर्षं हाच क्रम आहे. पुढचा मुद्दा."

"थांब," चैत्राली म्हणाली.

दादरच्या त्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी दुपारी पंचवीसेक पोरंपोरी जमायची. सगळी एकाच जपानी मंगाची वेडी; गोरेन आणि नागी त्यातलेच लढवय्ये. त्या चित्रकथेत कोण कुणाला भारी, कुणाची पॉवर लेव्हल किती, कुठला प्रसंग खरा धरायचा, यावर हमरीतुमरी व्हायची. वाद मिटला की केतन निकाल तक्त्यावर लिहायचा. एकदा लिहिलं की ते कायमचं.

चैत्राली वरळी कोळीवाड्यातली. सकाळी आईबरोबर बाजारात मासळी विकायला बसायची आणि गेली दोन वर्षं संध्याकाळी जपानीच्या क्लासला जायची. आज तिने पिशवीतून त्या लढतीचा सातवा भाग काढला. मूळ जपानी, तीन महिने वाट बघून मागवलेला.

"इंग्रजीत आहे, त्याने हात उचलला नाही," ती म्हणाली. "मूळ जपानीत तसं नाहीये. 'ते' म्हणजे हात. 'ते ओ', म्हणजे हाताला, असतं तर तुझं बरोबर होतं. इथे 'ते गा' आहे, म्हणजे हातच. गोरेन म्हणतो, हात उचलेना. उचलायला गेला तो, आणि जमलं नाही. दया नाही दाखवली त्याने. नागीने हरवलंय त्याला!"

मागून कुणीतरी शीळ घातली. केतन हसला.

"अधिकृत भाषांतर आहे ते. तेच कॅनन. तेच खरं धरायचं."

"ज्याने गोष्ट लिहिली त्याचं खरं नाही, आणि भाषांतरवाल्याचं खरं?"

"इथे सगळ्यांनी इंग्रजीच वाचलंय. आणि तुझं काय गं, नागी दर्यात बुड्या मारते, तू कोळीण. तू तिचीच बाजू घेणार ना!"

दोघंचौघं फिदीफिदी हसली. चैत्रालीचे कान तापले. रविवारी इथे यायच्या आधी ती लिंबू चोळून दोन-दोनदा हात धुवायची. कुणी नाकाला रुमाल लावू नये म्हणून. चार वर्षं धुवत होती. आज पहिल्यांदा तिला त्या धुण्याचा राग आला.

"हो, आहे मी कोळीण," ती म्हणाली. "पण मी दर्याची साक्ष काढत नाहीये. पान एकशे बारा, खालचं चित्र. वाच. नाही येत? मग मी वाचते."

आणि ती उभी राहून वाचू लागली. आधी जपानीत, मग मराठीत. घाई न करता, एकेक शब्दावर बोट ठेवून. वाचताना आवाज एकदाच थरथरला. तिने ते वाक्य पुन्हा वाचलं.

"बास," केतन म्हणाला. "मतदान घेऊ." चैत्राली खाली बसली. केतनने ग्रुपवर प्रश्न टाकला. खोलीभर मोबाइल टुणटुणले. दोन मिनिटांत निकाल आला. गोरेन एकवीस, नागी तीन.

तीन बघून चैत्राली चमकली. तिने एकच धरलं होतं, स्वतःचं. तिने वळून पाहिलं. शेवटच्या रांगेतली पूर्वी नावाची मुलगी मोबाइलमध्ये मान खुपसून बसली होती. पुष्कर खिडकीबाहेर बघत होता.

"झालं? तक्ता आहे तसाच राहणार," केतन म्हणाला. "ज्याला मान्य नसेल त्याने उगाच इथे बसू नये. दार उघडं आहे."

चैत्राली उठली. पुस्तक पिशवीत टाकलं, पिशवी खांद्याला लावली. वाट द्यायला दोघांनी पाय आत घेतले.

तिने खुर्ची उचलली, सगळ्यांच्या पुढे नेली आणि बरोबर तक्त्याखाली मांडली. बसली. पिशवीतून दुसरं पुस्तक काढून मांडीवर उघडलं.

"मतं तुझी जास्त आहेत, कबूल," ती केतनला म्हणाली. "आता आठवा भाग काढा. त्याच्या भाषांतरात तीन चुका आहेत."