न धुतलेली जीन

श्रावण लागायच्या आदल्या दिवशी सानपाडा गावातल्या पुतळाबाईंनी फ्रीज घासून-पुसून मासळीचं नावनिशाण उरू दिलं नाही. आणि दुसऱ्याच सकाळी त्यांच्या लेकाने, केतनने, ट्रेनिंगला बंगळूरला निघताना आपली महागडी जीन गुंडाळून फ्रीजरमध्ये कोंबली.

"ही धुवायची नसते आई, रंग जातो. गारठवली की वास मरतो. मी येईपर्यंत राहू दे."

पुतळाबाई भडकल्या. पण नवल असं, की पोराच्या प्रत्येक फॅशनला नावं ठेवणारे त्यांचे यजमान नामाशेठ या वेळी त्याच्या बाजूने उभे राहिले. "ऱ्हाऊ दे गो, पोराची हौस हाय. तू हात नको लावू."

मग दर सोमवारी देवळातून घरी आलं, की पुतळाबाईंच्या नाकाला काहीतरी झोंबायचं.

"कसला वास येतंय ओ?"

"तुज्या पोराची जीन, दुसरं काय!" नामाशेठ ढेकर दाबत म्हणायचे.

शेवटी एका सोमवारी पुतळाबाईंचं डोकं सटकलं. त्यांनी फ्रीजरमधून जीन ओढून काढली आणि बादलीत बुचकळण्याआधी जोरात झटकली.



डाव्या पायातून सुरमईच्या तुकड्या पडल्या, उजव्यातून कोलंबी.