तेवढं लिहून द्या

"त्रास कुठे आहे?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं, तेही मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

"हाताला," तो म्हणाला.

बाईंनी तसं लिहून घेतलं. तो बाकावर जाऊन बसला आणि धडधाकट उजवा हात डाव्या हाताने जपून धरून राहिला. खोटं बोलला होता, आता ते सांभाळणं आलं. समोरच्या भिंतीवर त्वचारोगांची रंगीत चित्रं लावली होती. त्यातलं एक त्याने पाहिलं आणि मग उरलेला वेळ आपल्या बुटांकडे बघत काढला.

तो बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस होता. दिव्याच्या पडद्यासमोरून बाटल्या सरकत जायच्या. काचेत बुडबुडा, खडा, बारीकशी चीर दिसली की तो ती बाटली उचलून बाजूला टाकायचा. एकोणीस वर्षं हेच काम. डोळे इतके तयार झाले होते की घरी पाण्याचा पेला हातात आला तरी तो आधी उजेडाला धरायचा. बायको चेष्टा करायची, की बरं झालं, मला बघायला आलात तेव्हा दिवा गेला होता.

तीन आठवड्यांपूर्वी अंघोळ करताना त्याच डोळ्यांना नको त्या जागी पुटकुळ्या दिसल्या. टाचणीच्या डोक्याएवढ्या, कातडीच्याच रंगाच्या, लिंगाच्या टोकाभोवती ओळीने. दुखत नव्हत्या, खाजत नव्हत्या, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने कारखान्याच्या ट्रकवाल्याला एका मित्राची म्हणून हकिगत सांगितली. ट्रकवाल्याला जगातलं सगळं ठाऊक असायचं, निदान तो तसं सांगायचा. डबा पुसत तो म्हणाला, "तुझ्या त्या मित्राला सांग, असलं काही घरबसल्या होत नाही. बाहेरचं असतं ते."

पंचाईत अशी की याचं बाहेरचं काही नव्हतंच. बायकोखेरीज त्याने आयुष्यात कुणा बाईचा हात धरला असेल तर रस्ता ओलांडताना आईचा. पण हे ऐकून कोण घेणार? पकडला गेलेला प्रत्येक नवरा हेच सांगतो. सतरा वर्षांचा संसार न केलेल्या गोष्टीपायी मोडणार, या विचाराने त्याची झोप उडाली. तो बायकोपासून लांब लांब राहू लागला. खरंच लागण झाली असेल तर निदान तिला तरी नको.

बायको गेल्या वर्षापासून घरीच असायची. छापखान्यातली सहा वर्षांची चांगली नोकरी तिने एका दिवसात सोडली होती. कंटाळा आला म्हणाली, आणि त्यानेही खोदून विचारलं नव्हतं. आता दिवसभर घरात असल्यामुळे तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. नंबर लावून आणलेलं दवाखान्याचं कार्ड सोमवारी त्याच्या शर्टाच्या खिशातून टेबलावर आलं. त्यावर ठसठशीत छापलेलं होतं, त्वचा व गुप्तरोग.

"कपडे भिजवताना सापडलं," ती एवढंच म्हणाली. मग जरा थांबून तिने विचारलं, "फार त्रास होतोय का?"

"हाताला जरासा," तो म्हणाला.

त्या दिवसापासून तिचं जेवणावरचं लक्ष उडालं. त्याच्याशी बोलताना ती दुसरीकडेच बघायची. मंगळवारी तिने आपलं अंथरूण मुलीच्या खोलीत हलवलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. हिने मनातल्या मनात निकाल लावून टाकलाय, आता फक्त तो ऐकायचा बाकी आहे, हे त्याला दिसत होतं.

त्याचा नंबर पुकारला. आत डॉक्टर म्हणून एक बाई निघाल्या, त्याच्या थोरल्या बहिणीच्या वयाच्या. त्यांनी हात दाखवायला सांगितलं. त्याने हात पुढे केला आणि मग मान खाली घालून खरं काय ते सांगितलं. डॉक्टरांना त्याचं काहीच नवल वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी हात सोडून दिला आणि त्याला पडद्यामागे जायला सांगितलं.

तपासायला दोन मिनिटंही लागली नाहीत. तेवढ्यात त्याने रिकामं घर पाहून घेतलं, मुलीचा चेहरा पाहिला, सासऱ्यांपुढे उभं राहूनही झालं.

"हा रोग नाही," हात धुता धुता डॉक्टर म्हणाल्या. "कितीतरी पुरुषांना अशा पुटकुळ्या असतात, वयात आल्यापासून. तुमचं लक्ष आत्ता गेलं, इतकंच. औषधसुद्धा नको."

"म्हणजे कुणाकडून..."

"कुणाकडून येत नाहीत. कुणाला लागतही नाहीत."

त्याचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले, ते त्याने बाहीने पुसले. "तेवढं लिहून द्याल?" त्याने विचारलं.

डॉक्टरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. आजारी असल्याची चिठ्ठी सगळेच मागतात, त्या म्हणाल्या, नसल्याची मागणारे तुम्ही पहिलेच. पण त्यांनी लिहून दिलं, अगदी त्याने सांगितलं तसं, आणि खाली सही करून शिक्काही मारला.

घरी तो जवळजवळ धावतच गेला. काय बोलायचं ते वाटेत चार वेळा घोकलं. आधी कागद पुढे ठेवायचा, मग बोलायचं. तिने रागावून घेतलं तरी चालेल. आता त्याला कुणाची भीती नव्हती.

बायको पलंगाच्या कडेवर बसली होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. तो खिशातून कागद काढायला लागला, तसा तिने त्याचा हात घट्ट धरला.

"तो कागद राहू द्या. त्यात काय असणार ते मला माहीत आहे. आधी माझं ऐका, मग मला घराबाहेर काढलंत तरी मी काही म्हणणार नाही."

"अगं, पण आधी हे वाच तरी..."

"तुम्ही स्वतःला दोष देऊ नका," ती म्हणाली. "तो रोग तुम्हाला माझ्याकडून आलाय."