काकांचं नाणं

आमच्या भागातल्या संशोधकांच्या गौरवासाठी खास नाणी निघणार होती. डिझाइन निवडणाऱ्या समितीचा अध्यक्ष मी, त्यामुळे दोन महिने घरात कुणाची माझ्याशी बोलायची सोय राहिली नव्हती. पहिलं नाणं रेडिओ दुरुस्त करणाऱ्या अंध काकांचं होतं. खड्डा आला की वाजणारी काठी त्यांनी आधी स्वतःसाठी बनवली आणि मग शेकडो अंधांना दिली.

चार बैठका मी हातात भिंग घेऊन भांडलो. शिल्पकार बाई म्हणाल्या, "काकांचा चेहरा आणि काठी जरा उठावदार ठेवू या का?"

"छे, छे! भडक दिसेल," मी त्यांना उडवून लावलं. "रेषा कशा केसासारख्या हव्यात. बघणाऱ्याची नजर हटता कामा नये!"

शेवटी माझंच खरं झालं.

समारंभात मी स्वतः ते नाणं काकांच्या तळहातावर ठेवलं आणि फोटोसाठी छाती पुढे काढली. त्यांनी दोन्ही बाजूंवरून अंगठा फिरवला, परत एकदा फिरवला, आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले,



"साहेब, तुमच्या कोटाचं बटण तुटून माझ्या हातात आलंय वाटतं."