कुसाबाईंचा नवस

"ताई, दाब उतरवायला घेतोय, तुमचाही ऑक्सिजनचा मास्क लावा आता," माइकवरून वाल्मीकचा आवाज आला. चेंबरची यंत्रं तो बाहेरून सांभाळायचा.

"लावते," लता म्हणाली, आणि लावला नाही. मास्क चढवला की बोलता येत नाही, आणि ती बोलायची थांबली की रोहित घाबरायचा. चेंबर म्हणजे लोखंडाची जाड टाकी. आत हवा दाबून भरलेली, दार बंद. त्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, तिच्या हातात त्याचा हात. सलग तिसरा दिवस होता. नर्सचं काम तिला नवं नव्हतं, पण एवढी कधी थकली नव्हती.

एरवी इथे मधुमेहामुळे जखमा न भरणारे लोक यायचे. दाब हलका, काम तासाभराचं. पाणबुड्या पहिल्यांदाच आला होता. रोहित सायखेड्याचा. धरणाच्या दारात अडकलेला ओंडका काढायला खोल उतरला, हवा संपत आली म्हणून घाबरला आणि सरळ वर आला. वाटेत थांबत थांबत यायचं असतं, ते राहूनच गेलं.

"आधी हाताला खाज सुटली," पहिल्या दिवशी त्याने सांगितलं होतं. "मंग खांदा ठणकाय लागला. म्हणलं, वझं वढलं त्याचं आसंल. चप्पल घालाय गेलो, तर उजवा पाय कुठं हाय तेच कळंना."

पाय परत येईल की नाही, हे कोणीच छातीठोक सांगत नव्हतं.

दाब सावकाश उतरला. दुपारी दार उघडलं. रोहितने पाय खाली टेकला, भिंतीला धरून उभा राहिला, मग भिंत सोडून चार पावलं चालला. बाकावर बसलेल्या त्याच्या आईने, कुसाबाईंनी, तोंडाला पदर लावला. लतालाही भरून आलं. थकली की तिला लगेच रडू यायचं.

"चल रं, आता गडावर," कुसाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "पाय टेकला त्याच दिवशी तुला घेऊन येते, साडीचोळी करते, आसं बोलले हाय मी सप्तशृंगीला. गाडी सांगितली."

लता नुकती कुठे खुर्चीत टेकली होती, ती ताडकन उठली. "घाट चढून? अजिबात नाही."

"देवीच्या दारात काय व्हतंय?"

"आजी, दाबाखाली हवा अंगात मुरते. सावकाश वर आलं तर आपली निघून जाते. घाई केली की सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे होतात. रक्तात, सांध्यात, मणक्यात. याच्या अंगात थोडे अजून असतील. गडावर हवा विरळ, तिथे ते फुगतील. डॉक्टर सांगेपर्यंत हा नाशिक सोडणार नाही."

"आई, ताईचं ऐक," रोहित म्हणाला. "मला परत त्या टाकीत नाय जायचं."

पिशवीतली हिरवी साडी काढून कुसाबाईंनी पुन्हा नीट घडी घातली. पोराला इथे एकटं सोडून गडावर जाववत नव्हतं, आणि देवीला दिलेला शब्द तर आजचा होता. लताला त्यांचं तोंड बघवेना. तिची दोन दिवसांची सुट्टी सुरू झाली होती. वणीला बहिणीकडे जायचं आणि झोपायचं, एवढंच डोक्यात होतं. गप्प बसली असती तरी कोणी नावं ठेवली नसती.

"द्या ती पिशवी," ती म्हणाली. "मी वणीलाच चाललेय. तशीच पुढे गडावर जाते. रोहितच्या नावाने वाहते. चालेल ना देवीला?"

"चालंल की, माय!" कुसाबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. मग एकदम थबकल्या. "पन तुम्हाला नाय ना काय व्हनार वर?"

लता हसली. "मला काय होतंय? मी कुठे पाण्यात उतरले होते?"

एसटीत खिडकी मिळाली आणि दिंडोरी यायच्या आत तिला झोप लागली. जाग आली ती हात खाजवतच. सीटवर धूळ काय कमी असते! वणीहून तिने जीप धरली. नांदुरीच्या पुढे घाट लागला, तसा खांदाही ठणकू लागला. तीन दिवस त्या पोराला धरून बसल्यावर दुसरं काय होणार? मान टाकून ती डोळे मिटून बसली.

पायऱ्या चढायचं त्राण नव्हतं. ट्रॉलीने वर गेली. पुजाऱ्याच्या हातात साडीचोळी दिली, नारळ दिला, रोहितचं नाव सांगितलं. मग उंबऱ्याशी वाकून बसली आणि डोकं टेकवलं. आई, पोराच्या पायात बळ दे. स्वतःसाठी तिने फक्त झोप मागितली.

"चला बाई, उठा, मागं रांग हाय," कोणीतरी म्हणालं.

लता उठायला गेली, तर उजवा पाय कुठे आहे तेच कळेना.