पदर खांद्यावर

"पगाराचं आत्ताच विचारू?" फोन हातानं झाकत लेक कुजबुजली.

तात्यांनी नकारार्थी मान हलवली. शेठच्या साडीच्या दुकानात गिऱ्हाइकांना साड्या दाखवून तीस वर्षांत त्यांना एक गोष्ट कळली होती: गिऱ्हाइकानं पदर खांद्यावर घेऊन आरशात बघितल्याशिवाय किंमत तोंडातून काढायची नाही.

कंपनीची एचआरवाली बाई कामाचं विचारत राहिली, लेक सांगत राहिली. शेवटी स्पीकरवर आवाज आला, "सोमवारपासून येऊ शकाल?"

तात्यांनी चटकन खांद्यावरचा टॉवेल पदरासारखा उलगडला आणि आरशात बघून मुरडले. लेकीनं हसू कसंबसं गिळलं आणि पगार विचारला. स्वतःच्या पगाराच्या दुप्पट आकडा ऐकून तात्या खुर्चीत टेकलेच.

"तुम्ही शेठना कधी पगाराचं विचारलंत का, तात्या?" फोन ठेवून तिनं विचारलं.

"छे गं! घरच्यासारखी माणसं ती."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना शेठ म्हणाले, "दिवाळीत सुट्टी घेऊ नका हं, तात्या. तुमच्याशिवाय इथलं पान हलत नाही."

तात्यांचा हात नकळत स्वतःच्या खांद्यावर गेला.

"शेठ," ते म्हणाले, "एक विचारायचं होतं."