घरचं अंडं

नाटकातला कमांडर उंबऱ्यापाशी आला आणि ढसाढसा रडू लागला. उंबरा म्हणजे शाळेच्या पटांगणात आडवा टाकलेला बांबू. बांबूपलीकडे त्याचं गाव होतं, जे त्याने दुसऱ्या अंकात जाळलं होतं. लहानपणी बंडखोरांनी जंगलात पळवून नेलेला, बदडून बदडून त्यांचीच शिकवण घोटवलेला आणि शेवटी गुरूला सवाशेर निघालेला हा कमांडर आता मला घरात घ्या म्हणत होता.

या नाटकवाल्यांची एक पद्धत होती. शेवटच्या प्रसंगाला लागणारं अंडं ते त्या त्या गावातूनच मागायचे. आमच्या अचोली लोकांच्या मुलखात जंगलातून परतलेला माणूस उंबऱ्यावर झाडाच्या फांदीसोबत ठेवलेलं अंडं पायाने फोडूनच आत येतो. फुटलं की तो घरचा. गावाने अंडं दिलं म्हणजे कमांडरला माफी मिळाली, मग टाळ्या, मग नाच.

"द्या बरं कुणीतरी एक अंडं," लाकेर म्हणाली. नाटक तिनेच लिहिलं होतं.

सगळ्या माना अचिरो म्हातारीकडे वळल्या. गावात कोंबड्या म्हणजे तिच्याच.

"माझ्या सगळ्या खुडूक बसल्यात," अचिरो म्हणाली.

"मग रोज सकाळी बोंबलतात कशाला गं? कोंबड्याच्या नावाने?" पुढे बसलेल्या ओतू म्हाताऱ्याने विचारलं. पटांगण हसलं.

अचिरो हसली नाही. तिचा हात कमरेच्या गाठीवर होता. गाठीत अंडं होतं. रोज सकाळी ती एक ताजं अंडं गाठीला बांधायची, आणि संध्याकाळी धीर सुटला की तसंच टोपलीत परत ठेवायची. तिचा नातू ओदोकी परत आला होता. त्यालाही असंच लहानपणी नेलं होतं. आता तो चांगला उंच, दाढीवाला बाप्या होता. वडीलधारी मंडळी विधीला तयार होती, पण अंडं घरचंच लागतं, आणि ते काही निघत नव्हतं. तोवर तो कुंपणाबाहेरच्या झोपडीत निजायचा आणि वेगळ्या ताटलीत जेवायचा.

म्हातारीने त्या झोपडीच्या फटीतून रात्री कितीदा पाहिलं होतं. प्रत्येक वेळी तो टक्क जागा, दाराकडे तोंड करून. काहीतरी डाव रचतोय मेला, असंच तिच्या मनात यायचं. ती त्याच्याकडे कधी पाठ करत नसे. आज नाटकाला येतानाही तिने त्याला पुढे चालायला लावलं होतं. तो आता सगळ्यांच्या मागे आंब्याखाली बसला होता. त्याच्या आजूबाजूला बरीच जागा रिकामी होती.

"याचं रडणं खोटं आहे," अचिरो कमांडरकडे बोट करून म्हणाली.

"अगं आजी, नाटक आहे हे. खोटंच असणार," लाकेर म्हणाली.

"तेवढी अक्कल आहे मला. मी नटाचं नाही म्हणत, कमांडरचं म्हणतेय. ज्याच्याकडून इतकी वर्षं दुसऱ्याचे शब्द घोटून घेतले, त्याला रडणंही शिकवलं नसेल कशावरून?"

"तो सुधारलाय, आजी. मीच लिहिलंय तसं."

"तुझं बरं आहे बाई. तुझा तू लिहिलास. माझ्या दाराशी आहे तो कुणी लिहिलाय?"

आता कुणी हसलं नाही. माना आंब्याकडे वळल्या.

ओदोकी उठून उभा राहिला. परत आल्यापासून तो चारचौघांत एक शब्द बोलला नव्हता.

"आजीचं बरोबर आहे," तो म्हणाला. "हा असा रडणार नाही. तिथे रडेल त्याला मारून टाकायचे. आम्हीच मारायचो."

एका बाईने आपलं पोर ओढून मांडीवर घेतलं.

"मग घरी आल्यावर काय करेल तो?" लाकेरने विचारलं.

"काही नाही. दाराकडे तोंड करून पडून राहील. उजाडेपर्यंत."

"कशाला?" अचिरोने एकदम विचारलं.

"दारातूनच येतात ना न्यायला. आता कोण येईल, ते येतील की गावातलेच येतील, काय सांगावं? मला नेलं तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून झोपलो होतो, आजी. कळलंच नाही."

भिंतीकडे वळवून तिनेच तर त्याला थोपटलं होतं. पण संशय काही असा एका वाक्याने मरत नाही. हेही शिकवलेलंच असलं तर? तिने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. पटांगणातून बाहेर पडायची वाट कुठे मोकळी आहे, ते बघत होता.

ती गुडघ्यांवर हात टेकून उठली. लाकेरने लगबगीने ओंजळ पुढे केली.

"हे नाटकासाठी नाही," अचिरो म्हणाली. "तुमच्या कमांडरचं तुम्ही बघा." मग ती ओतूकडे वळली. "आणि तुम्ही मगाशी दात काढत होतात ना? उठा, उंबऱ्यावर ठेवायला फांदी तोडून आणा."

ओतूचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. बांबूमागे कमांडर एक पाय उचलून तसाच ताटकळत होता.

"तू मागून ये," ती ओदोकीजवळून जाताना म्हणाली. "सावकाश ये. अंडं ठेवायला मला आधी पोचलं पाहिजे."

आणि ती त्याच्या पुढे चालू लागली, त्याच्याकडे पाठ करून. हात गाठीवर होता. कान मात्र मागेच.