बैठकीची वही

कचेरीत नवी मुलगी रुजू झाली, त्या दिवशी जुन्या कारकूनबाईंनी तिला जिन्यात गाठून सांगितलं, "अक्षर चांगलं असेल तर इथे कुणाला दाखवू नकोस. मी पहिल्याच आठवड्यात दाखवलं. तेवीस वर्षं झाली, बैठकीत सगळे बोलतात आणि मी भिंतीशी बसून लिहून घेते."

"पण माझं खरंच चांगलं आहे हो, मावशी."

"मग बिघडव."

पोरगी हुशार. पुढच्याच बैठकीत तिने वहीत असे कोंबडीचे पाय काढून ठेवले, की साहेबांनी कपाळाला हात लावला आणि वही पुन्हा बाईंकडे आली. मुलगी मोकळ्या हातांनी टेबलाशी बसली, हळूहळू बोलायला लागली आणि आठ वर्षांत साहेबांच्या खुर्चीत जाऊन बसली. बाईंना पोटच्या पोरीचं भलं झाल्यासारखा आनंद झाला. आता वही सुटली, असं त्यांनी घरी सांगूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी शिपायाने नव्या साहेबांची चिठ्ठी आणून दिली. 'मावशी, अकराची बैठक तुम्हीच लिहून घ्या. तुमच्यासारखं अक्षर इथे दुसऱ्या कुणाचं नाही.'

चिठ्ठीतलं एकेक अक्षर मोत्यासारखं होतं.